कॅम्पर व्हॅनमधला बेड: आधी उंची ठरवा, मग फळी कापा

राहता-झोपता येईल अशी कॅम्पर व्हॅन आतून बांधायला घेतली की नवखा माणूस सहसा शेगडी-सिंकपासून सुरुवात करतो. ओटा कुठे, पाण्याची टाकी कुठे, कपाट कुठे हे सगळं कागदावर उतरतं आणि उरलेल्या जागेत बेड ‘बसवून टाकू’ असं ठरतं. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. बेड ही व्हॅनमधली सगळ्यात मोठी वस्तू आहे. ओटा दहा सेंमी लहान झाला तर चालतो, पण माणूस दहा सेंमीने आखूड होत नाही.

बेड आखतानाही सगळ्यांचं लक्ष लांबी-रुंदीकडे जातं. ती व्हॅनच्या मापाने बरीचशी आपोआप ठरते. खरा निर्णय उंचीचा असतो: बेड जमिनीपासून किती वर हवा? बेडवर बसता येईल का, खाली सामान किती मावेल, चढायला पायरी लागेल का, गादी किती जाड घेता येईल, हे सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून आहे. म्हणून हा लेखही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

१. मोजमाप: जमिनीवर नाही, झोपण्याच्या पातळीवर

व्हॅनच्या भिंती सरळ नसतात. खाली चाकांचे फुगवटे आत आलेले असतात, मधे भिंत थोडी बाहेर जाते आणि छताकडे पुन्हा आत झुकते. त्यामुळे जमिनीवर घेतलेली रुंदी बेडच्या कामाची नाही. जमिनीपासून ३०, ५०, ७० आणि ९० सेंमी उंचीवर वेगवेगळी रुंदी मोजा आणि प्रत्येक उंचीला पुढे, मधे, मागे अशा तीन ठिकाणी मोजा. सर्वांत कमी आलेलं माप धरा.

इन्सुलेशन आणि वरचं पॅनेल अजून लागलेलं नसेल तर प्रत्येक बाजूचे ३ ते ५ सेंमी आत्ताच वजा करा. जमिनीच्या आणि छताच्या थरांचंही तेच. पत्र्यापासून पत्र्यापर्यंतच्या मापावर बेड आखला की काम संपत आल्यावर तो आत शिरत नाही, आणि तोवर प्लाय कापून झालेला असतो.

सगळी मापं व्हॅनच्या जमिनीपासून घ्या, स्पिरिट लेव्हलने नको. बऱ्याच मालवाहू व्हॅन रिकाम्या असताना मागून थोड्या उंच उभ्या राहतात आणि सामान भरल्यावर सपाट होतात. रिकाम्या गाडीत लेव्हल लावून बांधलेली चौकट भरलेल्या गाडीत तिरकी होते.

२. लांबीत झोपायचं की आडवं

आडवं झोपलं, म्हणजे डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला, तर बेड गाडीची लांबी फार खात नाही आणि पुढे ऐसपैस जागा उरते. पण त्यासाठी रुंदी पुरायला हवी. पाय ताणले की पंजे पुढे जातात, उशी डोक्यामागे सरकते. म्हणून सर्वांत उंच माणसाच्या उंचीत किमान १० सेंमी मिळवा. फियाट डुकाटोसारख्या रुंद व्हॅनमध्ये आत साधारण १८७ सेंमी मिळतात, पण इन्सुलेशन लावल्यावर त्यातही १७० सेंमीच्या माणसाचं जेमतेम भागतं. लहान व्हॅनमध्ये हा विचार सोडूनच द्यावा. पाय दुमडून एखादी रात्र निघते, आठवडा निघत नाही.

आडव्या बेडची आणखी एक अडचण फारसं कोणी सांगत नाही. आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला रात्री उठायचं असेल तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. शिवाय रस्त्याकडेची जागा बहुधा एका बाजूला उतरती असते, आणि पायांपेक्षा डोकं खाली गेलं तर झोप लागत नाही.

लांबीत झोपल्यास दोघांना उतरायची वाट ठेवता येते आणि लांबी हवी तेवढी घेता येते. रुंदी एकट्यासाठी ६५ ते ७० सेंमी, दोघांसाठी किमान १२० धरा. १३५ मिळाले तर उत्तम. पायांकडची बाजू थोडी अरुंद चालते, म्हणून एखादं कपाट आत घुसवायचंच असेल तर ते पायांकडे घुसवा.

३. उंचीचं गणित

पाठ ताठ ठेवून बसलेल्या माणसाची उंची, बैठकीपासून डोक्यापर्यंत, त्याच्या एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त असते, साधारण ५२ टक्के. म्हणजे १७० सेंमीच्या माणसाला ८८ सेंमी. वर निदान पाच सेंमी मोकळे हवेत, म्हणजे ९३ झाले.

आता वरून खाली मोजत या. समजा जमीन आणि छत पूर्ण झाल्यावर आत १२८ सेंमी उरले. त्यातून ९३ गेले की ३५. ही दाबल्या गेलेल्या गादीची वरची पातळी. १२ सेंमीची गादी बसल्यावर सुमारे ९ वर येते, उरले २६. फळी आणि चौकट मिळून ५ सेंमी. बेडखाली राहिले २१ सेंमी. एवढ्यात चपटे खोके, दोरखंड, बूट आणि घडीच्या खुर्च्या मावतात. पाण्याचे उभे कॅन मावत नाहीत.

इथे प्रत्येकाला मोह होतो: ‘वीस सेंमी वर घेऊ, सामान भरपूर बसेल.’ मग बसता येत नाही. कपडे आडवं पडून घालायचे, पुस्तक कोपरावर टेकून वाचायचं, पावसाच्या दिवशी आत बसायची सोयच नाही. कमी उंचीच्या व्हॅनमध्ये मी बसण्याच्या बाजूने कौल देतो आणि सामान कमी नेतो. उंच छताच्या व्हॅनमध्ये हा झगडा नसतो. आत १९० सेंमी असतील तर याच हिशेबाने बेडखाली ८० सेंमीहून जास्त जागा निघते आणि सायकलीसुद्धा चाक काढून आत जातात. पण तेव्हा चढायला पायरी लागते, आणि झोपेत उठणाऱ्या माणसाला ती अंधारात सापडायलाही हवी.

मधला मार्गही आहे. बेडच्या कडेवर पाय खाली सोडून खुर्चीसारखं बसायचं असेल तर गादीसकट ४२ ते ४८ सेंमी उंची सोयीची पडते. मात्र आतली एकूण उंची १४० सेंमीच्या वर असेल तरच हे जमतं.

४. आधी खोटा बेड

कापाकापीपूर्वी व्हॅनमध्ये ठरवलेल्या उंचीवर खोकी, क्रेट किंवा विटा मांडा, वर जुनी फळी टाका, त्यावर घरातली गादी अंथरा आणि भिंतीला चिकटपट्टीने बेडच्या कडा आखून घ्या. मग एक पूर्ण रात्र तिथे झोपा. पाच मिनिटं पडून ‘ठीक वाटतंय’ म्हणणं पुरेसं नाही. कूस बदलताना कोपर भिंतीला लागतं का, उठताना डोकं कुठे आपटतं, दाराची कडी हाताला येते का, हे रात्रीच कळतं. दोघं झोपणार असाल तर दोघांनी झोपा.

५. कायमचा, ओढायचा की घडीचा

जागा असेल तर कायमचा बेड बांधा. रोज रात्री टेबल उतरवा, उशा जुळवा, चादर अंथरा हे पहिल्या आठवड्यात मजेचं वाटतं. नंतर पाऊस असतो, थकवा असतो आणि कोणाच्या तरी मांडीवर चहाचा कप असतो.

जागा नसेल तर ओढायचा बेड चांगला. दिवसा साधारण ६५ सेंमी खोल बाक, रात्री पुढे ओढून ११५-१२० सेंमी रुंद बेड. याची रचना दोन कंगवे एकमेकांत घातल्यासारखी असते. एका संचातल्या पट्ट्या भिंतीकडच्या दांड्याला ठोकलेल्या, दुसऱ्या संचातल्या पुढच्या सरकत्या दांड्याला. प्रत्येक पट्टी शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधून सरकते. तीन गोष्टी पाळा. पट्ट्यांमध्ये दोन-तीन मिमीची ढील ठेवा, नाहीतर दमट हवेत लाकूड फुगलं की बेड अडकतो. पूर्ण ओढल्यावरही दोन्ही संच किमान १० ते १५ सेंमी एकमेकांत राहिले पाहिजेत. आणि पट्टी ५ सेंमीपेक्षा रुंद नको, कारण ओढल्यावर पट्टीएवढीच फट पडते आणि मोठ्या फटीत फोम खाली दबतो. सरकायला जड जात असेल तर कडांना मेणबत्ती घासा. तेल लावलं तर धूळ चिकटते.

बिजागऱ्यांवर घडी होणारा बेड एकट्या माणसाला सोपा पडतो. फक्त घडीचा जोड कमरेखाली येऊ देऊ नका. शरीराचं सर्वांत जास्त वजन तिथेच असतं.

६. सांगाडा

दोन माणसांचं वजन दीडशे-पावणेदोनशे किलो धरलं तरी हिशेब तिथे संपत नाही. गादीवर गुडघा टेकवून कोणी वर चढतं तेव्हा बहुतेक भार तळहाताएवढ्या जागेवर येतो. गाडी खड्ड्यात आदळली की बेडवरचं आणि बेडखालचं सामान उसळतं. म्हणून मोजलेल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार सहज पेलेल अशी रचना हवी.

मजबुती म्हणजे जाड लाकूड, हा समज खर्चिक आणि जड पडतो. दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं तर तोच भार मधोमध ठेवल्यावर पट्टी आठपट वाकते. उलट, मधे एक टेकू दिला की तीच पट्टी एकदम ताठ वाटते. १२० सेंमी रुंद बेडला मधोमध एक दांडा आणि त्याखाली एक-दोन पाय दिले तर हलक्या पट्ट्यांवर काम भागतं. दांडा आडवा न ठेवता उभ्या बाजूवर ठेवा. २० × ४० मिमीचा दांडा उभा ठेवला तर आडव्यापेक्षा चौपट ताठ राहतो, तेवढ्याच लाकडात.

सांगाडा लाकडाचा करायला सोपा. लोखंडी चौकोनी पाइप (२५ × २५ × २ मिमी) मीटरला साधारण दीड किलो भरतो, पण वेल्डिंग येत असेल किंवा करून मिळत असेल तरच. खाचा असलेले ॲल्युमिनियमचे ४० मिमीचे प्रोफाइल महाग पडतात, मात्र बोल्ट सैल करून उंची बदलता येते. पहिल्याच व्हॅनमध्ये उंचीची खात्री नसेल तर तो खर्च मला पटतो.

आता पक्कं कसं करायचं. नुसता ठेवलेला बेड चालत नाही. जोरात ब्रेक लागला तर तो सामानासकट पुढच्या सीटवर येईल. जमिनीवर माल बांधण्यासाठी कारखान्यातूनच बसवलेल्या कड्या असतात, त्यांच्या बोल्टच्या जागा सर्वांत भक्कम. भिंतींच्या खांबांना आधीपासून असलेल्या भोकांत एम-६ किंवा एम-८ चे रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारे, आत आटे असलेले नट) बसवता येतात. नवीन भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली वाकून पाहा: डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी तिथूनच जातात. पडद्यासारख्या एअरबॅग असलेल्या गाडीत त्यांच्या आसपास ड्रिल लावू नका. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला लगेच गंजरोधक प्रायमर लावा. चाकाच्या फुगवट्याचा पत्रा पातळ असतो. त्यावर बेडचा भार टेकवू नका.

नट साधे नकोत, नायलॉनची कडी असलेले घ्या. गाडीच्या थरथरीने साधे नट सैल होतात. प्लायच्या कडेत आडवा स्क्रू मारला तर थर फाटतात. तिथे आतून लाकडी पट्टी लावून तिच्यात स्क्रू घ्या. ॲल्युमिनियम आणि लोखंड थेट भिडवले तर ओल लागल्यावर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मधे नायलॉनचे वॉशर किंवा रबर ठेवा.

आणि कुरकुर. खडबडीत रस्त्यावर व्हॅनचा सांगाडा थोडा पिळवटतो. दोन्ही भिंतींना घट्ट आवळलेली चौकट त्या पिळाबरोबर ओढली जाते आणि कुरकुरते. भिंत आणि फळी यांच्यात ५ ते ८ मिमी मोकळे सोडा, आणि लाकडाला लाकूड किंवा लाकडाला पत्रा जिथे भिडतो तिथे नमद्याची किंवा रबराची पट्टी लावा.

७. फळी, आणि गादीखालची हवा

पूर्ण प्लाय टाकायचा की पट्ट्या? टेकू ४० सेंमीवर असतील तर १२ मिमी प्लाय पुरतो. ६० सेंमीवर असतील तर १८ मिमी लागतो. १३० × १९० सेंमीच्या बेडला १२ मिमी बर्च प्लाय साधारण २० किलो भरतो, १८ मिमी ३० किलो. दहा किलोंचा हा फरक टेकूंनी वाचवता येतो. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि भुशाची बोर्डं घेऊ नका. ती जड असतात आणि कडेला एकदा पाणी लागलं की फुगतात.

तरी माझा कल पट्ट्यांकडे आहे, आणि कारण ओलाव्याचं आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभर पाण्याची वाफ सोडतो. दोघांची मिळून ती अर्धा लिटरच्या आसपास जाऊ शकते. ही वाफ गादीतून खाली झिरपते आणि थंड फळीला भेटली की पाणी होते. आतली हवा २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरायला सुरुवात होते. थंड रात्री फळी एवढी गार सहज होते. सकाळी वरून गादी कोरडी वाटते, खालून मात्र ती ओली असते. पंधरवड्यात काळे ठिपके दिसतात, आणि बुरशी फोममध्ये गेली की धुऊन निघत नाही.

म्हणून पट्ट्यांमध्ये ५ सेंमीच्या आसपास फटी ठेवा. प्लायच टाकायचा असेल तर टेकूंच्या मधल्या भागात २५-३० मिमीची भोकं पाडा आणि वर नारळाच्या काथ्याची किंवा जाळीदार प्लास्टिकची चटई घाला, म्हणजे गादी फळीला चिकटत नाही. गादी आणि बाहेरची भिंत यांच्यात दोन सेंमी जागा सोडा. बेडखालची जागा सामानाने ठासून भरू नका. तिथून हवा फिरली नाही तर भोकं पाडून उपयोग नाही. खिडकी आणि छताचा झरोका बोटभर उघडा ठेवा, थंडीतही. सकाळी गादी उभी करून ठेवा.

ओल अडवायची म्हणून गादीखाली प्लास्टिकचा कागद अंथरणारे भेटतात. त्याने फळी वाचते, पण सगळं पाणी गादीतच राहतं.

फळी पॉलिश पेपरने १२० आणि मग १८० नंबरने घासा, कडा गोल करा (नडगी तिथेच आपटते) आणि पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) पॉलियुरेथेन वार्निश वर-खाली आणि कडांना सारखंच लावा. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते. वास पूर्ण जाईपर्यंत आत झोपू नका.

८. गादी

फोम घेताना घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा. घनतेवरून फोम किती वर्षं टिकेल ते कळतं, कडकपणावरून झोपायला कसा लागेल ते. अधूनमधून वापरासाठी घनमीटरला ३० ते ३५ किलो, रोजच्या वापरासाठी ४० च्या आसपास. खाली ८ सेंमी घट्ट फोम आणि वर ४ सेंमी मऊ, असे दोन थर एकाच जाड मऊ गादीपेक्षा बरे. मेमरी फोम थंडीत दगडासारखा होतो आणि अंगाच्या उबेने हळूहळू सैलावतो, त्यामुळे तो वरच्या पातळ थरापुरताच ठेवा. कापसाची गादी ओल धरते आणि वाळायला उशीर लावते.

परीक्षा सोपी आहे. कुशीवर झोपा. खांदा किंवा खुबा फळीला टेकल्यासारखं जाणवलं तर गादी पातळ आहे किंवा मऊ आहे. पाठीवर झोपून गादीचा अंदाज घेऊ नका. पाठीवर भार पसरतो आणि कुठलीही गादी बरी वाटते.

एकसंध गादी झोपायला छान, पण बेडखालचं सामान काढायला ती उचलावी लागते. दोन-तीन तुकडे केलेत तर खोळ एकच घाला, म्हणजे ते सरकत नाहीत. धुता येईल अशी, चेन लावलेली खोळ हवी.

९. पहिली रात्र काढण्यापूर्वी

मागची दारं आतून उघडतात का ते पाहा. बऱ्याच मालवाहू व्हॅनमध्ये उघडत नाहीत. बेडवरून बाहेर पडायला दोन वाटा असाव्यात. सुटं चाक आणि जॅक बेडखाली गाडले गेले नाहीत याची खात्री करा. जड सामान खाली आणि शक्यतो मागच्या चाकांच्या पुढे ठेवा, दोरीने बांधा.

गॅसचं सिलिंडर बेडखाली ठेवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अगदी खाली, साठतो. सिलिंडरची पेटी वेगळी, आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारी असावी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच्या पत्रकात सांगितलेल्या जागी लावा आणि ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका.

चालत्या गाडीत बेडवर कोणी बसायचं नाही. बेल्ट असलेली सीट ती सीट. गाडीत असे बदल करण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, तेव्हा वाहन नोंदणीचं कार्यालय आणि विमा कंपनी दोघांनाही काम सुरू करण्यापूर्वीच विचारा. सगळं भरून एकदा वजनकाट्यावर गाडी चढवा आणि नोंदणीपत्रातल्या कमाल वजनाशी ताडून पाहा.

वाचायचा दिवा, त्याचं बटण, चार्जिंगची जागा आणि चष्मा ठेवायला कप्पा, हे पडल्या पडल्या हात पोचेल तिथे करा. खोट्या बेडवर झोपलात तेव्हाच भिंतीवर खुणा करून ठेवल्या तर वायरिंग पॅनेलच्या आधी टाकता येतं.

पहिला लांब प्रवास झाला की पाना घेऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा. लाकूड थोडं दबतं आणि नट सैल पडतात. हे काम दुसऱ्या-तिसऱ्या प्रवासानंतरही करा, आणि त्याच वेळी गादी उचलून खालचा भाग हाताने चाचपा. ओलसर लागला तर फटी वाढवा किंवा चटई जाड घ्या.